राइलीचं अर्धं हसू

राइली तिक्कानेनचं गाणं असलं की तळ्यापलीकडची माणसं होड्या वल्हवत कोइवुनिएमीच्या नाचघराला यायची. त्यांतल्या निम्म्यांची तरी खात्री होती, की तिचं आणि अकॉर्डियनवाल्या अर्वो पुल्किनेनचं काहीतरी आहे.

वाटावं असंच ते दिसायचं. गाणं संपत आलं की अर्वो मान तिरकी करून तिच्याकडे बघे. ती त्याच्याकडे बघून हसे, आणि दोघं एकाच श्वासात गाणं मिटवीत. नाचणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. खरी गोष्ट अशी, की शेवटचा सूर धरून ठेवायची राइलीला वाईट खोड होती, आणि 'आता सोडा' हे सांगायला अर्वो तिच्याकडे बघत असे. हसायची ती ओशाळून. मंचावरून उतरल्यावर दोघांचं बोलणं म्हणजे उद्या किती वाजता निघायचं आणि कोणतं गाणं अर्ध्या सुरानं खाली घ्यायचं, एवढंच. नऊ वर्षं एका व्हॅनमधून फिरूनही ती एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत.

अर्वो गावात खिडक्यांच्या चौकटी करायचा. बोलणं कमी, आणि जे बोलायचा तेही रंधा मारून गुळगुळीत केल्यासारखं. राइली गावच्या दुकानात मासळीच्या काउंटरवर असे. त्यांच्या बँडमध्ये आणखी दोघं होते. उंच, खांदे पाडून उभा राहणारा कौको बास नावाचं मोठं उभं तंतुवाद्य वाजवायचा. वाजवताना त्याच्या कपाळावर अशा आठ्या पडत, की त्याची वाग्दत्त वधू लढाईच्या दिवसांत गेली अशी एक सविस्तर कहाणी चार गावांत पसरली होती. कौकोला वधू कधी नव्हतीच. त्याला लांबचं दिसत नसे, आणि मंचावर चष्मा लावायची लाज वाटे, म्हणून अर्वोचा ताल देणारा पाय शोधताना त्याच्या आठ्या पडत. ड्रमवाल्या पेंट्टीचं नाक लालभडक होतं. त्याला लोक पक्का बेवडा समजत. पेंट्टी दारूबंदी मंडळाचा खजिनदार होता.

रविवारी सकाळी कॉफी पिताना राइली हे सगळं नवऱ्याला सांगून हसत असे. ओट्टो लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. पहाटे उठायचं असल्यानं त्याने आयुष्यात कधी नाच पुरा पाहिला नव्हता.

"लोक तिकीट काढून येतात," तो म्हणे. "काहीतरी समजून घेतल्याशिवाय घरी कसे जातील?"

स्वतःबद्दल मात्र राइलीचा एक समज होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता. आपला गळा मध्यम आहे, चालतंय ते हसण्यावर, असं तिला वाटे. नाचघराचा चालक कार्हू भिंतीवरच्या जाहिरातीत तिच्या नावाआधी 'हसरी' असं छापायचा. अर्वोने तिला बँडमध्ये घेतलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "तुम्ही ओरडत नाही. चालेल." नऊ वर्षांत त्याच्याकडून मिळालेलं कौतुक म्हणून तिने ते जपून ठेवलं होतं, पण त्यात जपण्यासारखं फारसं काही नव्हतं हेही तिला कळत होतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ काळा पडून त्यावर पाय ठेवायची कुणाची हिंमत होत नव्हती अशा दिवसांत, एका सकाळी राइलीच्या तोंडातून कॉफी गळली. तिने पुसली. पुन्हा घोट घेतला, पुन्हा गळली. ओट्टोने वर बघितलं आणि कप खाली ठेवला. आरशात बघितलं तर चेहऱ्याची उजवी बाजू मेणबत्तीसारखी खाली ओघळली होती. डोळा मिटत नव्हता, ओठ हलत नव्हता. डाव्या बाजूला मात्र तीच ती नेहमीची राइली.

ओट्टोने ओंडक्यांच्या ट्रकमध्येच बसवून तिला कुओपिओ शहरात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. चेहऱ्याची नस सुजली आहे, जिवाला धोका नाही. डोळ्यात थेंब घाला, झोपताना पट्टी बांधा, गाल चोळत राहा. बरं होईल का, असं तिने विचारलं. बहुतेकांचं होतं, म्हणाले. काहींचं थोडं राहतं. कधी, हे विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

घरी येऊन तिने अर्वोला फोन केला. नाचघरं मे महिन्यात उघडतात, दुसरी गाणारी शोधायला वेळ हवा, हे बोलायचं तिने वाटेतच ठरवलं होतं. पण फोनवर बोलताना कळलं, की 'प' आणि 'म' तोंडातून बाहेरच येत नाहीत. फुस्स करून हवा जाते. 'मी' म्हणायलासुद्धा दोन्ही ओठ मिटावे लागतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. जमेल तसं तिने सांगितलं.

"मंगळवारी सराव आहे," अर्वो म्हणाला आणि फोन ठेवला.

राइलीला ते लागलं. माणूस बरा आहेस का म्हणून तरी विचारतो. आमच्याकडे म्हणतात, की आपल्या साव्हो प्रांतातला माणूस बोलला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. पण त्या एका वाक्यातून तिला काही म्हणजे काही हाती लागेना. बँडच्या खर्चानं शिवलेला निळा झगा तिने इस्त्री करून कागदात गुंडाळला. मंगळवारी तो परत करायचा आणि यायचं, असं ओट्टोला सांगून ती निघाली. डोक्याला रुमाल असा बांधला होता, की उजवा गाल झाकला जावा.

सराव अर्वोच्या घरामागच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत व्हायचा. ती आत गेली तेव्हा कौको आणि पेंट्टी आधीच येऊन बसले होते. दोघांनी तिच्याकडे बघितलं आणि दोघांनीही घाईनं आपापल्या वाद्याकडे बघितलं. अर्वोने पुडकं तिच्या हातातून घेतलं, खुंटीला अडकवलं, आणि म्हणाला, "वॉल्ट्झपासून सुरू करू. सगळी गाणी अडणार नाहीत. निम्मी तरी तुम्हाला जमतील."

"तुम्हाला काय ठाऊक?" राइलीने विचारलं. तिच्या बोलण्यात हवाच जास्त होती.

तेवढ्यात अर्वोची बायको हेल्वी कॉफीची किटली आणि वेलची घातलेला गोड पाव घेऊन आली. ती गोल, ठसक्याची बाई होती. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलायची.

"त्याच्या गालाकडे बघ राइली," ती म्हणाली. "लाल दिसतोय ना? तू फोन केलास तेव्हापासून घरभर तोंडाला चिकटपट्टी लावून गात हिंडतोय. अर्धे ओठ बंद करून. कोणतं गाणं जमतं आणि कोणतं नाही, एकेक करून बघतोय. माझी आई आली होती चार दिवस राहायला, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. जावयाला वेड लागलं म्हणाली."

"हेल्वी, कॉफी गार होतेय," अर्वो म्हणाला.

राइली त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिली. चिकटपट्टी ओढून काढताना गालावरचे केस निघाले होते. अर्वो पुल्किनेन, जो चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतो असं सगळे म्हणत, तो स्वयंपाकघरात पट्टी लावून प्रेमगीतं गात होता. तिला हसू आलं. अर्ध्याच तोंडानं आलं, आणि पाणी मात्र दोन्ही डोळ्यांतून आलं.

त्या मंगळवारी त्यांनी काम केलं ते असं. जी गाणी साफच अडत होती ती बाजूला ठेवली. बाकीची अर्वोने जरा संथ आणि जरा खाली घेतली. आणि कडव्यात जिथे ओठ अडणार, तिथे तो म्हणाला, "तुम्ही अडलात की मी आत येतो. शब्द अर्धा सोडून द्या, उरलेला अकॉर्डियन म्हणेल. कुणाला कळणार नाही."

"आणि कळलं तर?"

"तर कळेल."

मे महिन्यात त्यांनी लहानसहान ठिकाणी सुरुवात केली. राइली मंचाच्या उजव्या कडेला उभी राहू लागली, म्हणजे लोकांना डावा गाल दिसे. कौकोने काही न बोलता आपलं बास उचलून तिच्या उजव्या अंगाला आणलं. त्या बाजूनं कुणाला बघायचंच असेल, तर मध्ये कौको आणि त्याचं कपाटाएवढं वाद्य. गाणी निभावली. पण माणसांचे डोळे असतात आणि कॉफीच्या टपरीवर जिभाही असतात. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी राइलीच्या कानावर आलं, की तिक्कानेनची बायको हल्ली पिऊन गाते. जीभ जड येते, डोळ्याला धार लागते. त्या ड्रमवाल्याच्या नादाला लागली बिचारी.

पेंट्टीला हे कळलं तेव्हा तो इतका दुखावला, की व्हॅनमध्ये कुणाशी बोलेना. राइलीलाही त्या रात्री झोप आली नाही. कौकोच्या वधूची गोष्ट सांगून आपण किती रविवार हसलो, हे तिला आठवत राहिलं.

मग जूनमध्ये मध्य-उन्हाळ्याचा सण आला. वर्षातला सगळ्यांत मोठा नाच कोइवुनिएमीलाच असतो. दाराशी बर्चची कोवळी झाडं तोडून उभी केली होती, तळ्याकाठी होळीची लाकडं रचली होती. दुपारी सामान उतरवत असताना कार्हू आला. माणूस वाईट नव्हता. बोलायचं ते जिभेवर येईना, म्हणून त्याने आधी हवेबद्दल सांगितलं, मग डासांबद्दल, मग शेजारच्या नाचघरात इलेक्ट्रिक गिटारवाली पोरं आणल्याबद्दल. शेवटी म्हणाला, की लोक बोलतायत. सणाला घरंदाज बायका येणार. कुओपिओत एक चांगली गाणारी मुलगी आहे, संध्याकाळच्या बसने येऊ शकते. फक्त आजच्यापुरतं.

"माझ्याबद्दल लोक नऊ वर्षं बोलतायत," पेंट्टी म्हणाला. "तेव्हा नाही तुम्ही कुणाला बसने बोलावलंत."

कार्हूने टोपी काढली आणि परत घातली.

अर्वो अकॉर्डियनचे पट्टे पुसत होता. खिडकीचं माप सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "नाचघर तुमचं आहे. मुलगी बोलवा, गाईल ती. तिच्या साथीला मात्र दुसरं कुणीतरी बघा."

राइलीचा विश्वास बसेना. हा माणूस तापाने फणफणत असतानाही वाजवायला उभा राहिलेला तिने पाहिला होता. ठरलेला नाच त्याने आयुष्यात कधी मोडला नव्हता. कौकोने तर बास परत व्हॅनकडे न्यायला उचललंसुद्धा. त्या क्षणी तिघांच्या तीन पाठींकडे बघताना तिच्या मनात आलं, की आपण गप्प बसलो तर सणाच्या दिवशी ही माणसं आपल्यापायी घरी जातील.

"थांबा," ती म्हणाली. "मी सांगते लोकांना. आधी मी बोलेन. त्यांना नको असेन तर घरी जाईन, आणि कार्हू तुम्ही मुलीला बोलवा."

संध्याकाळी नाचघर भरलं. नेहमीप्रमाणे एका भिंतीला बायका, समोरच्या भिंतीला पुरुष. राइली मंचाच्या मधोमध आली, मायक्रोफोनपाशी सरळ तोंड करून उभी राहिली. रुमाल नव्हता. अंगात तोच परत करायला नेलेला निळा झगा होता.

"माझ्या अर्ध्या चेहऱ्याची नस झोपलीय," ती म्हणाली. 'म' फुटला, पण लोकांना समजला. "उठेल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत. मी प्यालेली नाही. आणि आता बोलतेच आहे म्हणून सांगते, पेंट्टीही पीत नाही. त्याचं नाक जन्मापासून तसंच आहे."

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. कौकोने कोटाच्या खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. मंचावर पहिल्यांदाच. त्याला बहुधा ही माणसं नीट बघायची होती.

पुरुषांच्या भिंतीकडून एक जाडसर आवाज आला. "बरं. मग वाजवा की."

अर्वोने पायानं ताल दिला.

पहिल्याच कडव्यात ती अडली. शब्द अर्धा सोडला, आणि उरलेला अर्धा अकॉर्डियनने इतक्या हळुवार उचलला, की तिला स्वतःलाच तो आपल्या गळ्यातून आल्यासारखा वाटला. तिच्या मनातली भीती जराशी सैल झाली. आणि मग, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने केलं: हसायचं कुणाकडे बघून, हा विचार सोडून नुसतं लोकांकडे बघितलं. कुणीही मंचाकडे बघत नव्हतं. जोड्या गोल फिरत होत्या. गाल गालाला टेकलेले, हनुवट्या खांद्यांवर, डोळे मिटलेले. जे डोळे उघडे होते ते पायांकडे, नाहीतर दुसऱ्याच्या बायकोकडे. लोक तिला बघायला येतात हाही एक समजच होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

मधल्या सुट्टीत तळ्यापलीकडची सान्नी म्हातारी सॉसेज खात तिच्यापाशी आली. तुझं तोंड असं झालंय हे मला आज तू सांगितलंस म्हणून कळलं, म्हणाली.

"तुम्ही तर दर शनिवारी येता," राइली म्हणाली.

"येते. पण मी डोळे मिटून नाचते गं. उघडले तर आमचा यालमारी दिसतो."

कार्हूने मुलीला बोलावलं नाही. उलट जाताना त्याने पेंट्टीला सॉसेजची आख्खी माळ दिली. पेंट्टीने ती घेतली, पण माफ केलं असं काही बोलला नाही.

सण उलटल्यावर सोमवारी राइलीने राय नावाच्या धान्याच्या पिठात मासे भरून भाकरी भाजली, सकाळभर चुलीत मंद आचेवर ठेवून, आणि फडक्यात गुंडाळून पुल्किनेनांकडे गेली. भाकरी हेल्वीला दिली. मग अंगणातून सुतारशाळेत गेली. अर्वो चौकटीला रंधा मारत होता. 'तुम्ही' सोडून 'तू' वर यायचं तर बाईने हात पुढे करून आपलं नाव सांगायचा पुढाकार घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. नऊ वर्षांत तिने तो घेतला नव्हता, आणि अर्वो वाट बघत होता की त्याला फिकीर नव्हती, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

तिने हात पुढे केला. "राइली."

अर्वोने रंधा ठेवला, भुसा लागलेला हात पँटला पुसला. "अर्वो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग अर्वोच म्हणाला, "शेवटचा सूर तू अजून ओढतेस."

"ओढते," राइली म्हणाली, आणि एवढी वर्षं मनात अडकलेला प्रश्न तिने विचारून टाकला. "मला का घेतलंस रे? माझा गळा काही फार नाही."

त्याने चौकटीवरचा भुसा झटकला. "तू दुकानात हेरिंग मासे बांधून देत होतीस," तो म्हणाला. "गुणगुणत होतीस. मोठी रांग होती. आणि कुणालाच घाई नव्हती."

एवढंच. त्याने रंधा परत उचलला. राइली घरी चालत आली ती वाट तिला नंतरही आठवायची. रस्त्याकडेला ल्युपिनची जांभळी फुलं होती आणि दुरून कुणाच्या तरी सौनाचा धूर येत होता. तिला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते, आणि माणसं इतकी होती की सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. डॉक्टर, चिकटपट्टी, बासवाल्याचा चष्मा, आणि 'मग वाजवा की' म्हणणारा तो कोण होता, तोही.

शरद ऋतूपर्यंत चेहरा बराचसा परत आला. 'प' आला, 'म' आला, कॉफी गळायची थांबली. थोडं राहिलं ते मात्र राहिलंच: वरचा सूर लावायला तोंड उघडलं, की उजवा डोळा आपोआप मिटायचा. डॉक्टर म्हणाले, नस उठताना वाट चुकली. याला इलाज नाही, त्रासही नाही.

त्रास नव्हता असं म्हणता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये गावाच्या सभागृहातल्या नाचानंतर एक विधुर शेतकरी, नवीन शर्ट घातलेला, मुइक्कू नावाचे तळ्यातले बारके मासे बादलीभर घेऊन राइलीच्या दारात उभा राहिला. बादली ठेवली, टोपीला हात लावला आणि निघून गेला.

ओट्टो पायरीवर बसून मासे साफ करायला लागला. "कुणी आणले?" त्याने विचारलं.

"एका विधुराने. त्याला वाटतंय मी त्याला डोळा मारला."

"मारलास?"

"वरच्या सुराला मारते. सगळ्यांनाच."

ओट्टोने एक मासा साफ करून ताटात टाकला, मग दुसरा. "अर्वोला सांग, वरच्या सुरातली गाणी वाढव," तो म्हणाला. "हिवाळा लांब असतो."

तळ्याकाठच्या बायकांनी मात्र आपला निकाल केव्हाच लावला होता. राइलीला तो आजार अर्वोच्या प्रेमापायी झाला, आणि बरी झाली ती त्याचा नाद सोडला म्हणून. आता ती इतरांना डोळे मारते यावरून ते सिद्धच होत होतं. राइलीने एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. बँड पुढे बरीच वर्षं चालला, पेंट्टीच्या जागी त्याचा भाचा आला, कौकोने शेवटी चष्मेवाली एक शिक्षिका पत्करली. राइली मासळीच्या काउंटरवर आणि मंचावर दोन्हीकडे गात राहिली. शेवटचा सूर ती ओढतच असे. अर्वो मान तिरकी करून बघे, ती एक डोळा मिटून हसे, आणि नाचणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत.